पेढीच्या सर्व्हरची निगा : दोषशोधन आणि सुरक्षेची ठिगळे

व्यापाऱ्याची पत त्याच्या वहीवर उभी असते. गिऱ्हाईक उधारीवर माल नेते ते दुकानदार खरी नोंद करील या भरवशावर, आणि घाऊक व्यापारी आगाऊ पैसे न घेता माल रवाना करतो तोही याच भरवशावर. आपल्या वाडवडिलांनी म्हणूनच वहीला मानाची जागा दिली, दिवाळीस तिचे पूजन केले आणि दिवसाची रोजकीर्द पुरी झाल्याखेरीज पेढीस कुलूप लावले नाही. गेल्या पाव शतकात ही वही कागदावरून संगणकात गेली. तिची लाल कापडी बांधणी गेली. परंतु तिच्यावरील विश्वासाचा भार तिळमात्र कमी झालेला नाही.

वही उंदराने कुरतडू नये, तिला वाळवी लागू नये, पावसाचे पाणी तिच्यात शिरू नये, याची काळजी घेणे घरातील प्रत्येकास ठाऊक होते. संगणकातील वहीला वाळवी कोठून लागते आणि पाणी कोठून शिरते, हे मात्र अनेक पेढ्यांत एकाही माणसास सांगता येत नाही. ते सांगता यावे, निदान विचारता यावे, एवढ्यासाठी हा लेख आहे. ज्या घरांतील मुलेमुली संगणकाचे शिक्षण घेऊन पेढीची व्यवस्था पाहू लागली आहेत, त्यांस यातील तपशील उपयोगी पडेल. आणि जे वडीलधारे स्वतः यंत्रास हात लावीत नाहीत, त्यांस कोणते प्रश्न विचारावेत हे कळेल.

सर्व्हर आणि लिनक्स

अनेक टेबलांवरील संगणकांस व मोबाइल यंत्रांस एकाच ठिकाणाहून माहिती पुरविणारा जो संगणक, त्यास सर्व्हर म्हणतात. तो पेढीच्या मागील खोलीत असेल किंवा दूरच्या शहरात भाड्याने घेतलेला असेल. अशा यंत्रांवर आज जी मूळ प्रणाली फार मोठ्या प्रमाणावर चालते तिचे नाव लिनक्स. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा आरंभ केला. तिचा मजकूर सर्वांस वाचण्यास, वापरण्यास व सुधारण्यास मोकळा आहे. डेबियन, उबुंटू, रेड हॅट हे तिचे निरनिराळे अवतार. आपल्या सी-डॅक संस्थेनेही बॉस नावाचा भारतीय अवतार तयार केला आहे. मुंबईच्या फ्रॅपे या कंपनीने रचलेले ईआरपीनेक्स्ट हे हिशेबाचे व मालसाठ्याचे मुक्त सॉफ्टवेअर लिनक्सवरच चालविले जाते, आणि त्याच्या पोटात मारियाडीबी नावाचा नोंदींचा कोश असतो. तेव्हा लिनक्स हा विषय केवळ मोठ्या शहरांतील कारखान्यांचा राहिलेला नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. लिनक्सला विषाणू लागत नाही, म्हणून एकदा बसविले की पाहावयास नको, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. लिनक्सची घडण मजबूत आहे हे खरे. परंतु ती माणसांनी लिहिलेली आहे आणि माणसांच्या हातून दोष राहतात. हे दोष वेळोवेळी सापडतात, प्रसिद्ध होतात आणि त्यांवर दुरुस्तीही प्रसिद्ध होते. या दुरुस्तीस इंग्रजीतून आलेल्या शब्दाने पॅच म्हणतात. आपल्या भाषेत त्याचा अर्थ सरळ ठिगळ असा आहे. ठिगळ तयार असूनही ते लावले नाही, तर प्रणालीच्या मजबुतीचा उपयोग काय?

नावेचा दृष्टांत

जैन तत्त्वविचारात आस्रव, संवर आणि निर्जरा यांचा उलगडा करताना छिद्र पडलेल्या नावेचा दृष्टांत परंपरेने दिला जातो. छिद्रातून पाणी आत येते तो आस्रव. छिद्र बुजविणे हा संवर. आणि आत साठलेले पाणी उपसून टाकणे ही निर्जरा. मांडवीतून खनिजाने भरलेले बार्ज जाताना ज्यांनी पाहिले आहेत, त्या आपल्या भागातील मंडळींस हा दृष्टांत निराळा समजावून सांगावा लागणार नाही. छिद्र तसेच ठेवून कितीही पाणी उपसले तरी नाव तरत नाही, हे त्यातील मर्म आहे. आत्म्याच्या कल्याणासाठी सांगितलेली गोष्ट यंत्रास जशीच्या तशी लागू होत नाही, हे उघड आहे. दृष्टांत घ्यावयाचा तो क्रमापुरता.

आपल्या पेढ्यांत हा क्रम नेमका उलटा असतो. सर्व्हर अडला की तो बंद करून पुन्हा चालू करावयाचा, आणि चालू झाला की काम मिटले असे समजावयाचे, ही सार्वत्रिक रीत आहे. हे पाणी उपसणे झाले. पाणी कोठून आले हे शोधणे म्हणजे दोषशोधन, आणि ती वाट बंद करणे म्हणजे ठिगळ लावणे. ही दोन कामे वेगवेगळ्या माणसांची किंवा वेगवेगळ्या दिवसांची नव्हेत. ती एकाच दक्षतेची दोन अंगे आहेत.

ठाऊक असलेले छिद्र

चोर नेहमी नवी, कोणासही ठाऊक नसलेली वाट शोधून येतो, ही समजूत चुकीची आहे. पुष्कळदा तो सर्वांस ठाऊक असलेल्या, पण कोणीही बंद न केलेल्या वाटेने येतो. अमेरिकेतील इक्विफॅक्स ही लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणारी कंपनी. म्हणजे पत हाच तिचा व्यापार. तिच्या संकेतस्थळामागे अपाचे स्ट्रट्स नावाचे मुक्त सॉफ्टवेअर होते. त्यातील एका गंभीर दोषावरील ठिगळ मार्च २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. कंपनीत त्याची सूचनाही फिरली. परंतु ज्या यंत्रावर ते लावावयास हवे होते त्यावर ते लागले नाही. मे महिन्यात चोर त्याच छिद्रातून आत शिरले आणि जुलैअखेरपर्यंत आत वावरत राहिले. सुमारे १४.७ कोटी लोकांची खाजगी माहिती गेली.

या प्रकरणातील दुसरी गोष्ट व्यवस्थापकांनी विशेष लक्षात ठेवावी. येणाऱ्या-जाणाऱ्या माहितीवर नजर ठेवणारे एक यंत्र कंपनीजवळ होते; परंतु त्याला लागणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत कित्येक महिन्यांपूर्वी संपली होती, म्हणून ते यंत्र आंधळे झाले होते. २९ जुलै रोजी प्रमाणपत्र नवे केले आणि लगेच संशयास्पद वाहतूक दिसू लागली. पहारेकरी होता, पण त्याच्या डोळ्यांवर पट्टी होती, आणि ती आहे हे कोणी तपासले नव्हते.

इतक्या दूरही जावयास नको. २०२२ च्या जून महिन्यात, ऐन पावसाळ्यात, गोव्याच्या जलस्रोत खात्याच्या पूरनियंत्रण यंत्रणेवर खंडणीखोर विषाणूचा हल्ला झाला. राज्यातील प्रमुख नद्यांवर १५ ठिकाणी बसविलेल्या केंद्रांची माहिती ज्या सर्व्हरवर गोळा होत असे, त्यातील फाइली सांकेतिक कुलपात बंद झाल्या आणि त्या सोडविण्यासाठी बिटकॉइन या आभासी चलनात खंडणी मागण्यात आली. इंटरनेटशी चोवीस तासांची जोडणी, विषाणुरोधकाचा अभाव आणि जुनी झालेली फायरवॉल ही कारणे खात्याच्या तक्रारीतच नमूद होती. साखळी व डिचोली येथील व्यापाऱ्यांस पुराचा अनुभव आहे. पाणी दुकानात शिरण्यापूर्वी सूचना देणाऱ्या यंत्रणेतच छिद्र राहावे, यापेक्षा या विषयाचे महत्त्व सांगणारे दुसरे उदाहरण आपल्याजवळ नाही.

ठिगळ लावण्याची रीत

पहिली गोष्ट, आपल्याजवळ काय आहे याची यादी. कोणती यंत्रे, त्यांवर लिनक्सचा कोणता अवतार, त्याची कोणती आवृत्ती आणि कोणकोणत्या सेवा चालू आहेत, हे एका कागदावर लिहून काढावे. ज्या मालाची यादी नाही त्याची चोरी कळत नाही, हे व्यापाऱ्यास सांगावयास नको. इक्विफॅक्सच्या प्रकरणातही दोष असलेले यंत्र नेमके कोणते, हे वेळेवर ध्यानात आले नाही, ही मोठी उणीव ठरली.

दुसरी गोष्ट, आवृत्तीचे आयुष्य. प्रत्येक आवृत्तीस ठिगळे पुरविण्याची मुदत ठरलेली असते. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीस सामान्यतः पाच वर्षे ठिगळे मिळतात. लहान कचेऱ्यांतून अतिशय प्रिय असलेल्या सेंटओएस लिनक्सच्या सातव्या आवृत्तीची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली, आणि आठवीची तर त्याआधीच, ३१ डिसेंबर २०२१ रोजी. अशी यंत्रे आजही मुकाट्याने चालू असतात. चालू आहेत म्हणून ती सुरक्षित आहेत असे वाटते. वस्तुतः त्यांत सापडणाऱ्या नव्या छिद्रांस आता मूळ कर्त्यांकडून ठिगळ मिळत नाही. अशा ठिकाणी ठिगळाचा विचार सोडून नव्या आवृत्तीवर स्थलांतर हाच उपाय होय.

तिसरी गोष्ट, आकड्यावरून अनुमान करू नये. डेबियन, रेड हॅट इत्यादी अवतार स्थैर्यासाठी सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती तशीच ठेवून तिच्यावर केवळ सुरक्षेचे ठिगळ चढवितात. म्हणून वरचा आकडा जुना दिसला तरी छिद्र बुजलेले असू शकते. खरी खातरजमा त्या अवताराच्या सुरक्षा-पत्रकातून करावी. तेथे प्रत्येक दोषास सीव्हीई नावाचा नोंदणी-क्रमांक असतो आणि तो कोणत्या आवृत्तीत दूर झाला हे लिहिलेले असते.

चौथी गोष्ट सर्वांत अधिक विसरली जाते. ठिगळ तबकडीवर आले म्हणजे ते लागू झाले असे नव्हे. चालू असलेली सेवा जुनाच मजकूर स्मृतीत घेऊन बसलेली असते. ती पुन्हा सुरू केल्याखेरीज नवा मजकूर वाचीत नाही. प्रणालीच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे, ठिगळ असेल तर साधारणतः सारे यंत्रच पुन्हा सुरू करावे लागते. एप्रिल २०१४ मध्ये उघड झालेल्या हार्टब्लीड या दोषाने हा धडा जगास शिकविला. ओपनएसएसएल या सांकेतिक कुलपाच्या सॉफ्टवेअरमध्ये तो दोष दोन वर्षे होता, आणि त्यातून सर्व्हरच्या स्मृतीतील गुप्त किल्ल्याही बाहेर वाचता येत. ज्यांनी ठिगळ बसविले पण सेवा पुन्हा सुरू केल्या नाहीत त्यांचे छिद्र उघडेच राहिले. आणि ज्यांनी त्या सुरू केल्या पण जुन्या किल्ल्या बदलल्या नाहीत, त्यांनी चोराच्या हाती गेलेल्या किल्लीचेच कुलूप पुन्हा लावले.

पाचवी गोष्ट, बुजविलेले छिद्र पुन्हा उघडू शकते. दुरून सर्व्हरवर प्रवेश करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएच या साधनातील २००६ साली दूर केलेला एक दोष २०२० साली केलेल्या बदलात नकळत परत आला, आणि १ जुलै २०२४ रोजी तो जाहीर झाला. एवढ्या काळजीने लिहिल्या जाणाऱ्या साधनाची ही कथा; म्हणून ठिगळ हे एकदाचे काम नसून नेमाचे काम आहे.

सहावी आणि शेवटची गोष्ट, अनावश्यक संग्रह टाळावा. ज्या सेवेचा उपयोग नाही ती काढून टाकावी. नोंदींचा कोश इंटरनेटवर उघडा ठेवू नये. मूळ अधिकाराच्या नावाने, म्हणजे रूट म्हणून, दुरून थेट प्रवेश बंद करावा. आणि परवलीच्या शब्दाऐवजी सांकेतिक किल्लीने प्रवेश द्यावा. नोकरी सोडून गेलेल्या माणसाची किल्ली त्याच दिवशी रद्द करावी. अपरिग्रहाचे तत्त्व आपणांस नवे नाही. जी खिडकीच नाही तिला गज बसवावे लागत नाहीत.

ठिगळाचीही परीक्षा

आलेले प्रत्येक ठिगळ डोळे मिटून स्वीकारावे काय? तसेही नाही. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाच्या विध्वंसक विषाणूने जगभर हाहाकार केला. तो विंडोज यंत्रांवरील होता, पण त्याची वाट आपणांस विचार करावयास लावणारी आहे. युक्रेनमध्ये कर व हिशेबासाठी घरोघर वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अद्ययावत आवृत्तीतूनच तो पसरला. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे नेहमीचे ठिगळ समजून लोकांनी विष घेतले. मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे काम थांबले आणि आपल्या न्हावा शेवा बंदरातील तिच्या गटाच्या टर्मिनलवरही कंटेनर अडकून पडले.

लिनक्सच्या जगातही असा प्रसंग थोडक्यात टळला. एक्सझेड नावाचे माहिती आटोपशीर करणारे छोटेसे साधन आहे. सुमारे दोन वर्षे मदतनीस म्हणून काम करून विश्वास संपादन केलेल्या एका अनोळखी नावाच्या व्यक्तीने त्यात चोरदरवाजा घातला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास आपल्या चाचणीच्या यंत्रावर प्रवेशास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे आढळले. त्यांनी तो अर्धा सेकंद सोडून दिला नाही. कारण शोधीत ते चोरदरवाजापर्यंत पोहोचले आणि २९ मार्च रोजी त्यांनी जगास सावध केले. दोष फक्त ५.६.० व ५.६.१ या अगदी नव्या आवृत्त्यांत होता. स्थिर आवृत्त्या वापरणाऱ्यांपर्यंत तो पोहोचलाच नाही.

या दोन प्रसंगांवरून तीन नियम निघतात. ठिगळ केवळ त्या अवताराच्या अधिकृत भांडारातूनच घ्यावे आणि त्याची सांकेतिक सही तपासण्याची सोय कधीही बंद करू नये. पेढीच्या कामासाठी स्थिर आवृत्तीच वापरावी. नवलाईच्या मागे लागू नये. आणि शक्य तेथे ठिगळ प्रथम चाचणीच्या यंत्रावर लावून, एक बिल, एक पावती व एक ताळेबंद काढून पाहावा, मगच मुख्य यंत्रास हात घालावा. वस्तू उचलताना व ठेवताना सावधपण राखावे असे सांगणारी आदान-निक्षेपण समिती साधूंच्या आचारात आहे. तिचा भाव येथे उपयोगी पडावा. परंतु परीक्षेच्या नावाखाली महिनोन्‌महिने चालढकल करणे हेही धोक्याचेच. ज्या दोषाचा वापर चोर प्रत्यक्ष करू लागले आहेत असे जाहीर होते, त्याचे ठिगळ त्याच दिवशी लावले पाहिजे.

सर्व्हर अडला असता

समजा, चवथीच्या आदल्या आठवड्यात पाळी येथील एका घाऊक पेढीचा सर्व्हर अडला आहे. आदल्या रात्री गडगडाटासह पाऊस झाला, वीज दोनदा गेली. सकाळी माटोळीच्या व सणाच्या मालासाठी गिऱ्हाइकांची रीघ लागली आहे, आणि बिल निघत नाही. व्यवस्थापकाने काय करावे?

प्रथम हात आवरावा. पुन्हा सुरू करण्याचा मोह टाळून, काय बिघडले, केव्हापासून, कोणाकोणाला, आणि कालपासून काय बदलले, हे चार प्रश्न कागदावर लिहावेत. एका टेबलावरचे बिल निघत नसेल तर दोष त्या टेबलाचा. सर्वांचे निघत नसेल तर सर्व्हरचा किंवा जोडणीचा. हत्तीचा एकेक अवयव चाचपून भांडणाऱ्या अंधांची गोष्ट आपण अनेकांत समजावताना सांगतो; येथेही नेटवर्कवाला, सॉफ्टवेअरवाला आणि वीजवाला आपापल्या हाताला लागले तेच खरे म्हणतात. व्यवस्थापकाने सर्वांचे ऐकून क्रमाने खालील स्थाने तपासावीत.

(१) वीज व तारा. दिवे लागले आहेत काय, नेटवर्कची तार घट्ट आहे काय, यूपीएसची बॅटरी जिवंत आहे काय. निम्मे दोष येथेच सापडले तरी आश्चर्य मानू नये.

(२) तबकडीवरील जागा. डीएफ ही आज्ञा किती जागा उरली ते सांगते. दैनंदिन नोंदी व जुन्या प्रती साचून तबकडी शंभर टक्के भरली की नोंदींचा कोश लिहू शकत नाही आणि सारे थांबते. कधी जागा रिकामी दिसते, पण फाइलींच्या नोंदणीची संख्याच संपलेली असते. त्यासाठी याच आज्ञेचा आयनोड दाखविणारा प्रकार पाहावा. मोठी फाइल पुसूनही जागा मोकळी होत नसेल तर कोणती तरी सेवा ती अद्याप धरून बसली आहे असे समजावे.

(३) तबकडीचे आरोग्य. वीज गेल्याने किंवा तबकडी जीर्ण झाल्याने लिहिण्यात चूक आढळली की लिनक्स पुष्कळदा ती तबकडी केवळ वाचण्यापुरतीच खुली ठेवते. हे संरक्षण आहे, आडमुठेपणा नव्हे. अशा वेळी प्रथम माहितीची प्रत काढावी, नंतरच दुरुस्तीची आज्ञा द्यावी. जीर्ण तबकडीवर दुरुस्ती करीत बसल्याने उरलेलेही जाते.

(४) स्मृती. स्मृती अपुरी पडली की कर्नल स्वतःच एखादी मोठी सेवा मारून टाकते. बहुधा बळी जातो तो नोंदींचा कोश. जर्नलसीटीएल या आज्ञेने दिसणाऱ्या रोजनिशीत त्याची स्पष्ट नोंद सापडते. अशा वेळी केवळ सेवा पुन्हा सुरू केली तर ती दुपारी पुन्हा मरते.

(५) घड्याळ. यंत्रातील छोटी बॅटरी संपलेली असेल तर वीज गेल्यानंतर घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग प्रमाणपत्रे अवैध ठरतात, ठिगळांची सही पटत नाही आणि बिलांवर भलतीच तारीख येते. दोष दिसतो नेटवर्कचा, असतो घड्याळाचा. क्रोनी या साधनाने घड्याळ अधिकृत वेळेशी जुळते ठेवावे.

(६) सेवा व प्रमाणपत्रे. सिस्टेमसीटीएल ही आज्ञा कोणती सेवा पडली ते दाखविते. तिच्यासमोरचा संदेश शेवटपर्यंत वाचावा. उत्तर बहुधा त्यातच असते. प्रमाणपत्राची मुदत व नामशोध यंत्रणा, म्हणजे डीएनएस, हीही याच वेळी पाहावी.

आपल्या कल्पित पेढीत दोष दुसऱ्या स्थानी सापडला असे धरू. प्रत्येक रात्री निघणारी माहितीची प्रत त्याच तबकडीवर साचत होती आणि ती काल भरली. जुन्या प्रती दुसरीकडे हलविल्या, कोश सुरू केला, बिल निघू लागले. हे पाणी उपसणे झाले. प्रती दुसऱ्या यंत्रावर ठेवण्याची, ठराविक काळाने जुन्या काढण्याची आणि जागा ऐंशी टक्के भरताच सूचना मिळण्याची व्यवस्था केली. हे छिद्र बुजविणे झाले. दुसरे काम झाले नाही तर हाच प्रसंग दिवाळीस पुन्हा येईल.

एका वेळी एकच बदल करावा, आणि केलेला प्रत्येक बदल तारीख-वेळेसह वहीत लिहावा, हा नियम सर्व सहा स्थानांस लागू आहे. दहा गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र चालू झाले, तर कशाने चालू झाले हे कळत नाही.

प्रत, आणि संकटकाळचे कर्तव्य

सर्व दक्षता घेऊनही नाव बुडू शकते. त्यासाठी माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक पेढीच्या बाहेर, इंटरनेटपासून सुटी असावी. मर्स्क कंपनीच्या कथेचा शेवट येथे सांगण्याजोगा आहे. वापरकर्त्यांच्या ओळखी सांभाळणारे तिचे सर्व मुख्य सर्व्हर नष्ट झाले होते; फक्त आफ्रिकेतील घाना देशात हल्ल्याच्या वेळी वीज गेल्यामुळे तेथील एक यंत्र जाळ्यापासून तुटले होते, म्हणून वाचले. त्यावरून पुढे सारा डोलारा उभारण्यात आला. वीज जाणे ही आपल्याकडे नित्याची तक्रार आहे; तेथे ती दैवयोगाने तारक ठरली. आपण मात्र दैवावर न विसंबता एक प्रत मुद्दाम सुटी ठेवावी. आणि जी प्रत परत उतरवून पाहिलेली नाही, तिला प्रत मानू नये.

घुसखोरी झाल्याचा संशय आला तर यंत्र जाळ्यापासून तोडावे, परंतु काही पुसू नये. रोजनिशी हाच पुरावा. पुन्हा उभारणी करताना जुने यंत्र झाडूनपुसून न वापरता स्वच्छ प्रणाली बसवावी, आधी छिद्र बुजवावे, सर्व किल्ल्या बदलाव्यात आणि मगच प्रतीवरून माहिती उतरवावी. हा क्रम चुकला तर चोर त्याच वाटेने परततो. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ठराविक प्रकारच्या घटना ध्यानात आल्यापासून सहा तासांत कळविणे आणि यंत्रांच्या रोजनिश्या १८० दिवस जपून ठेवणे बंधनकारक आहे. पैशाची फसवणूक झाली असल्यास १९३० या क्रमांकावर विलंब न लावता तक्रार द्यावी. लोकलाजेस्तव गप्प बसण्याने शेजारच्या पेढीचेही नुकसान होते.

नेमाची तपासणी

ठिगळाचे काम आठवेल तेव्हा करावयाचे ठेवले तर ते होत नाही. आपल्याकडे प्रतिक्रमणाचे दैवसिक व रात्रिक, पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक असे नेम आहेत. मागे वळून पाहण्याची ही सवय ज्या समाजाच्या हाडीमासी आहे, त्यास सर्व्हरसाठी निराळे वेळापत्रक शिकविण्याची आवश्यकता नाही.

रोज : जागा, रात्रीची प्रत निघाली की नाही, आणि प्रवेशाच्या फसलेल्या प्रयत्नांची नोंद पाहावी. दहा मिनिटे पुरतात.

पंधरवड्यास : ठिगळे लावावीत, सेवा पुन्हा सुरू कराव्यात आणि वहीत नोंद करावी. सुरक्षेची ठिगळे आपोआप लागण्याची सोय उबुंटू व डेबियनमध्ये आहे. लहान पेढीने ती चालू ठेवावी, मात्र ती खरोखर चालते की नाही हे पाहावे.

चार महिन्यांनी : एक प्रत निराळ्या यंत्रावर उतरवून ताळेबंद जुळतो की नाही ते पडताळावे. कोणाकोणास प्रवेश आहे त्याची यादी वाचून अनावश्यक नावे काढावीत.

वर्षास : आवृत्तीची मुदत, यूपीएसच्या बॅटऱ्या, तबकडीचे वय आणि प्रमाणपत्रे यांचा आढावा घ्यावा. पावसाळ्यापूर्वी, म्हणजे मे महिन्यात, हा आढावा घेणे आपल्या भागास सोयीचे.

या सर्वांच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे : या कामास एका माणसाचे नाव आणि एक वार ठरलेला असावा. ज्याचे नाव नाही ते काम सर्वांचे, आणि सर्वांचे काम कोणाचेच नव्हे. त्या माणसास काम करण्यास वेळ द्यावा, ठिगळाच्या दिवशी अर्धा तास बिल थांबले तर मालकाने कुरकुर करू नये. तो अर्धा तास पेढीच्या खर्चात धरावा. लहान पेढीस स्वतंत्र माणूस ठेवणे झेपत नसेल तर चार-पाच पेढ्यांनी मिळून एक जाणकार नेमावा. उधारीची वसुली, मालाची वाहतूक, विम्याचे काम आपण मिळून करतो. हेही करता येईल.

वडीलधाऱ्या सभासदांनी आपल्या पेढीत या आठवड्यात तीन प्रश्न विचारावेत. शेवटचे ठिगळ कोणत्या तारखेस लागले? शेवटची प्रत उतरवून कोणी पाहिली? आणि उद्या हे यंत्र बंद पडले तर ग्राहकांची खाती कोठून मिळतील? तीनही उत्तरे वहीतील तारखांसह मिळाली तर निश्चिंत असावे. एकही उत्तर अडखळले, तर त्या ठिकाणापासून कामास आरंभ करावा.